प्रकाशक : स्वतः

मराठी पुस्तक हातात आलं की मी सर्वांत आधी चौथं पान उघडते. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आवृत्ती, मूल्य असं एकाखाली एक छापलेलं असतं ते पान. गेली अठरा वर्षं मी मराठीतून बंगालीत आणि इंग्रजीत अनुवाद करते आहे, आणि पुस्तक वाचायचं की कपाटात सरकवायचं हे या पानावरून मी किती वेळा ठरवलं असेल याचा हिशेब नाही. प्रकाशकाचं नाव ओळखीचं असलं की पान उलटायचं. ‘प्रकाशक : स्वतः’ असं असलं, किंवा लेखकाचं आणि प्रकाशिकेचं आडनाव एकच असलं, किंवा नातवाच्या नावाचं एखादं ‘प्रकाशन’ असलं, की पुस्तक हळूच बाजूला ठेवायचं. देणारा समोर असेल तर दोन चांगले शब्द बोलून पिशवीत टाकायचं आणि पिशवीतच राहू द्यायचं.

सवय वाईट आहे हे कबूल. पण ती माझ्या एकटीची असती तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. समीक्षक, संपादक, पुरस्कारांचे परीक्षक, अभ्यासमंडळांचे सदस्य, आम्ही सगळेच हे चौथं पान आधी वाचतो. स्वतःच्या पैशानं छापलेलं पुस्तक म्हणजे कुणीच न स्वीकारलेलं पुस्तक, असं आम्ही धरून चालतो. एका पुरस्काराच्या नियमावलीत तर ‘लेखकाने स्वतः प्रकाशित केलेली पुस्तके विचारात घेतली जाणार नाहीत’ असं वाक्य मी वाचलेलं आहे. त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीतल्या पाचपैकी दोन कवितासंग्रहांसाठी कवींनी किती पैसे मोजले तेही मला माहीत आहे, कारण कवी माझे मित्र आहेत.

खोटेपणा इथे आहे. मराठीतल्या किती कवितासंग्रहांचा खर्च प्रकाशक खरोखर स्वतः करतो? आकडे कुणी देणार नाही, पण भाषा सगळ्यांना ठाऊक आहे. ‘कविता हल्ली खपत नाही हो, तेवढ्या दोनशे प्रती तुम्ही घ्या.’ ‘कागदाचं तुम्ही बघा, बाकी आम्ही करतो.’ ‘थोडं सहकार्य लागेल.’ या सहकार्याची पावती मिळत नाही. मिळालीच तर ‘पुस्तक खरेदी’ अशी मिळते. महिन्याभरानं लेखकाच्या दारात रिक्षातून गठ्ठे उतरतात आणि पलंगाखाली जातात. चौथ्या पानावर मात्र प्रतिष्ठित नाव असतं, आणि त्या नावाच्या जोरावर माझ्यासारखी अनुवादक पान उलटते. म्हणजे लेखकानं पैसे दिले याला आमची हरकत नाही. त्यानं ते उघडपणे छापलं, याला आहे.

कोलकात्यात पी. लाल यांनी १९५८ साली रायटर्स वर्कशॉप सुरू केलं. लेखकानं शंभर प्रती आधी विकत घ्यायच्या ही त्यांची अट होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली ती पुस्तकं आजही इथल्या घराघरांत दिसतात. विक्रम सेठ यांचा पहिला कवितासंग्रह ‘मॅपिंग्ज’ तिथून आला. त्या व्यवहारावर लोकांनी टीका केली, चेष्टाही केली, पण टीका करायला समोर काहीतरी होतं. मराठीत टीका कशावर करणार? सगळा व्यवहार ‘सहकार्या’च्या पडद्याआड.

आता माझ्या कपाटाकडे येते.

२०१६ साली साताऱ्याला एका कार्यक्रमात अनुवादावर बोलायला गेले होते. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलाशी साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. डोंगराळ भागातल्या एका आरोग्य उपकेंद्रात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. गावात त्यांना सगळे सिस्टर म्हणत, मीही पुढे तेच म्हणू लागले. त्यांनी एक पुस्तक दिलं. म्हणाल्या, ‘मॅडम, वेळ झाला तर बघा. नाही झाला तरी असू द्या.’ मी चौथं पान उघडलं. प्रकाशिका : लेखिका स्वतः. मुद्रक : तालुक्याच्या गावातला एक प्रेस, जो एरवी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापतो. मुखपृष्ठावर उगवता सूर्य आणि कबुतर. मी दोन चांगले शब्द बोलले आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

ते कोलकात्याला आलं आणि सहा वर्षं माझ्या कपाटात पडून राहिलं. २०२२ साली घर बदलताना रद्दीच्या गठ्ठ्यात टाकण्याआधी सहज मधूनच उघडलं, आणि उरलेली बांधाबांध त्या दिवशी झाली नाही.

१२८ पानांचं पुस्तक. लशीचा डबा खांद्याला लावून दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणारी बाई काय काय बघते, ते त्यात आहे. बर्फ वितळायच्या आत शेवटची वाडी गाठायची कसरत. कुटुंबनियोजनाच्या टार्गेटसाठी मार्च महिन्यात चालणारी ‘केसेस’ची पळवापळवी, आणि एका उपकेंद्रानं कबूल करून ठेवलेली बाई दुसऱ्यानं जीपमधून नेली म्हणून दोन नर्सबायांची झालेली भांडणं. भाताच्या खाचरात उभं राहून घेतलेला रक्तदाब. बाळंतिणीच्या घरातल्या पुरुषाला बाहेर काढण्यासाठी त्याला गरम पाणी आणायला पाठवायची युक्ती. यात कुठेही ‘सेवा’ हा शब्द नाही. शुद्धलेखनाच्या चुका पानापानावर आहेत, एक अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला आहे, आणि तरी असं गद्य मी गेल्या दहा वर्षांत नावाजलेल्या प्रकाशनांच्या पुस्तकांतून फार वेळा वाचलेलं नाही.

मी नमुन्यादाखल वीस पानं इंग्रजीत केली आणि एका प्रकाशनसंस्थेला पाठवली. उत्तर लगेच आलं, आवडल्याचं. खाली एकच प्रश्न : मूळ मराठीत कुणी काढलंय? मी खरं ते लिहिलं. मग उत्तर यायला दोन महिने लागले. आधी एखाद्या मान्यताप्राप्त मराठी प्रकाशनाकडून पुस्तक येऊ द्यावं, मग पाहू, असं त्यात होतं. वीस पानं तीच होती. त्यांतलं एक विशेषणही दोन महिन्यांत बदललेलं नव्हतं.

मला राग आला. पण तो मिरवायचा हक्क मला किती? त्या संपादकानं दोन महिने घेतले, मी सहा वर्षं घेतली होती.

मग आम्ही मराठी प्रकाशक शोधायला लागलो आणि एकाकडून होकार आला. होकाराबरोबर ७०,००० रुपयांचं पत्रक होतं : अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, प्रकाशन समारंभ, वर्तमानपत्रातली बातमी. आयएसबीएनपुढे वेगळी रक्कम लिहिली होती. भारतात हा क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, आणि लेखक स्वतः प्रकाशक असेल तर त्यालाही अर्ज करता येतो. २०१० च्या यूजीसी नियमावलीनं प्राध्यापकांच्या बढतीला एपीआयचे गुण जोडले, तेव्हापासून या तेरा आकड्यांना आपल्याकडे भलतीच किंमत आली. गुणांसाठी पुस्तकं, पुस्तकांसाठी क्रमांक, क्रमांकासाठी पॅकेज. स्वतः छापणाऱ्यांमुळे साहित्यात कचरा वाढतो असं म्हणणाऱ्यांनी त्या वर्षांत ‘मान्यताप्राप्त’ नावांखाली निघालेले प्रबंध-ग्रंथ एकदा चाळावेत. दरवाजा होता, दरवाजावर माणूसही होता. तो तिकिटं फाडत होता.

पत्रकासोबत करारनामा. त्यात एक कलम असं, की सर्व भाषांतले अनुवाद, चित्रपट, मालिका, श्राव्य आणि ‘भविष्यात उपलब्ध होणारी माध्यमे’ यांचे हक्क प्रकाशकाकडे कायमस्वरूपी राहतील. म्हणजे पैसे सिस्टरनी द्यायचे, प्रती सिस्टरनी विकायच्या आणि हक्क प्रकाशकाचे. मी माझ्या अनुवादाच्या करारांसाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा थोडाफार वाचलेला आहे. कराराचा काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो. हद्द लिहिलेली नसेल तर भारतापुरती धरली जाते. वेगळं काही ठरलेलं नसेल आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर त्यापुरता करार संपतो. अनुवादाचा हक्क हा मूळ पुस्तक छापण्याच्या हक्काहून वेगळा, तो वेगळा देता येतो आणि वेगळा राखताही येतो. या चार गोष्टी लेखकाला कुणी सांगत नाही. सिस्टरना मी सांगितल्या आणि म्हटलं, सही करू नका.

फोनवर थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ताई, तुमचं खरं आहे. पण त्यांच्या नावानं निघालं तर जिल्हा ग्रंथालयात तरी लागेल. माझ्या नावानं निघालेलं कोण वाचतं? तुम्ही तरी वाचलंत का?’

यावर मी काय बोलणार होते?

आमच्या परंपरेत या प्रश्नाला उत्तरं आहेत, फक्त आम्ही ती ज्या पानावर वाचायला हवीत तिथे वाचत नाही. मराठीतल्या ज्या पुस्तकांवर आज अभ्यासक्रम उभे आहेत, त्यांची चौथी पानं कुणी बघतं का? जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा त्यांच्याच चळवळीतल्या ‘दीनबंधु’नं सुरुवातीचा भाग छापून पुढचा थांबवला. म्हणजे शत्रूच्या दारावरच पहारा असतो असं नाही, मित्राच्या दारावरही असतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं आणि जवळजवळ शतकभर विस्मरणात राहिलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. त्यानंतरच ते ‘महत्त्वाचं’ झालं. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. लेखक, संपादक, प्रकाशक, कारकून सबकुछ स्वतः. खटलेही स्वतःच्या अंगावर घेतले. आज कर्व्यांवर नाटक होतं, चित्रपट होतो. पण असाच एखादा माणूस आज स्वतःच्या खर्चानं अंक काढून पाठवू लागला, तर तो अंक माझ्या कपाटात कुठे जाईल हे मला चांगलं माहीत आहे.

आणि अरुण कोलटकर. १९५४ साली मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढणाऱ्यांत ते होते. इंग्रजी ‘जेजुरी’ पुस्तकरूपानं १९७६ साली क्लिअरिंग हाउसकडून आली. क्लिअरिंग हाउस म्हणजे कोण, तर कोलटकर, अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल या चार कवींनी आपली पुस्तकं आपणच काढायची म्हणून केलेली व्यवस्था. पुढच्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं काढलं. प्रास म्हणजे इमारत, विक्री विभाग, प्रतिनिधी असलं काही नव्हे. प्रास म्हणजे मुख्यतः शहाणे. जवळपास चारशे पानांची ‘भिजकी वही’ २००३ साली तिथूनच आली, आणि कवी गेल्यानंतर तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तमिळमध्ये याची जोडगोष्ट आहे. सी. सु. चेल्लप्पा यांनी १९५९ साली ‘एळुत्तु’ मासिक काढलं, पुस्तकं स्वतः छापली आणि पिशवीत घालून कॉलेजा-कॉलेजांतून विकली. त्यांची ‘सुदंदिर दागम्’ ही प्रचंड कादंबरी त्यांनी आयुष्याच्या अखेरीस स्वतःच प्रकाशित केली. अकादमी पुरस्कार मरणोत्तर, २००१ साली.

पण ही नावं घेऊन मी थांबले तर फसवणूक होईल. स्वतः छापणाऱ्या प्रत्येकाला कोलटकरांचं नाव घ्यायची सवय असते, आणि त्याला मी वैतागलेली आहे. प्रासच्या पुस्तकांत एक स्वल्पविराम उगाच पडलेला दाखवा. शहाणे हे मराठीतले अत्यंत कडक मुद्रितशोधक. कोलटकर स्वतः जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले आर्ट डायरेक्टर, त्यामुळे पानाचा आकार, अक्षर, समास या सगळ्याचा विचार झालेला. पहिलं मराठी पुस्तक काढलं तेव्हा कवीची पंचेचाळिशी आली होती. ही माणसं संस्थेपासून स्वतंत्र होती, पण शेजारच्या कडक डोळ्यापासून त्यांनी स्वातंत्र्य मागितलं नाही.

आजच्या स्वतंत्र लेखकाकडे पैसे नसतात असं नाही. ते जातात कुठे हे बघा. हॉलचं भाडं, बॅनर, शाली, श्रीफळं, पुष्पगुच्छ, अध्यक्षांच्या गाडीचं भाडं, पाहुण्यांचं जेवण, फोटोवाला. प्रस्तावना एका मान्यवरांची, पाठराखण दुसऱ्यांची, ‘दोन शब्द’ तिसऱ्यांचे. या सगळ्यांत ज्यानं हस्तलिखित ओळ न् ओळ वाचलं असा एकही माणूस नसतो. मुद्रितशोधनाला पैसे द्यायचे असतात हेच ठाऊक नसतं. ‘भाचीनं बघितलंय, ती बी.एड. आहे.’ समारंभातल्या शालींच्या खर्चात एक चांगला संपादक आठ दिवस बसवता येतो. हे मी लेखकांच्या तोंडावर म्हणते, म्हणून मला हल्ली समारंभांची आमंत्रणं कमी येतात.

इथे कुणी म्हणेल, मग प्रतिष्ठित प्रकाशकच बरा, तिथे संपादक तरी असतो. असतो का? ज्यांच्याकडे अजून आहे त्यांना माझा नमस्कार, त्यांचं ऋण मी माझ्या अनुवादांत पानोपानी वापरलेलं आहे. बाकी ठिकाणी लेखकाची फाइल जशी येते तशी पानं लावून छापखान्यात जाते. गेल्या पाच-सात वर्षांत मी अनुवादासाठी घेतलेल्या मराठी पुस्तकांपैकी बहुतेकांत एखाद्या पात्राचं नाव मध्येच बदललेलं, एखादा मृत माणूस पुढच्या प्रकरणात चहा पिताना, असं काहीतरी सापडलं. पुस्तक छापून झाल्यावर त्याचं खरं पहिलं संपादन अनुवादक करतो, आणि ते दुसऱ्या भाषेत होतं. मराठी वाचकाला त्याचा काय उपयोग?

तेव्हा ‘कुणी छापलं’ हा प्रश्न मी आता सोडून दिला आहे. ‘कुणी वाचलं, छापण्याआधी?’ हा विचारते. तो दोन्ही बाजूंना टोचतो.

कॉलेजात असताना एक नाव मी शंभरदा लिहिलं होतं : बुद्धदेव बसू. जादवपूरला १९५६ साली तौलनिक साहित्याचा विभाग त्यांनी उभा केला. त्यांचे निबंध मी वाचले, बोदलेअरचे अनुवाद वाचले. पण याच माणसानं ‘कविता’ नावाचं त्रैमासिक आणि ‘कविता भवन’ हे प्रकाशन स्वतःच्या राहत्या घरातून चालवलं, आणि ‘एक पैशाला एक’ नावाच्या मालेत सोळा-सोळा पानांचे कवितासंग्रह काढले, हे मी कितीतरी नंतर लक्षात घेतलं. म्हणजे एका पानाला एक पैसा, पुस्तक सोळा पैशांना. जीवनानंद दास यांचा ‘वनलता सेन’ पहिल्यांदा १९४२ साली या मालेत आला. सोळा पानं, म्हणजे छपाईचा एक फॉर्म. परीक्षेत मी ‘वनलता सेन’वर दहा पानं लिहिली असतील, पण ती एका फॉर्मची होती हे मला माहीत नव्हतं. दोष शिकवणाऱ्यांचा नाही. पुस्तक म्हणजे मजकूर, एवढंच मी धरून बसले होते. कागद, फॉर्म, बाइंडर, टपालखर्च ही हमाली, तिचा साहित्याशी काय संबंध, असं.

केरळनं ही हमाली लेखकांमध्ये वाटून घेतली. १९४५ साली कोट्टयमला लेखकांची सहकारी संस्था स्थापन झाली, साहित्य प्रवर्तक सहकारण संघम्. लेखक सभासद, लेखक मालक, आणि तीस टक्के रॉयल्टी देणारी संस्था म्हणून तिचं नाव झालं. महाराष्ट्रात साखरेची सहकारी संस्था आहे, दुधाची आहे, सुताची आहे, पतपेढ्या तर गल्लोगल्ली. लेखकांना मात्र दरवर्षी संमेलनाचा मांडव लागतो आणि त्याचा अध्यक्ष कोण यावर सहा महिने भांडायला लागतात. ‘ग्रंथाली’नं एके काळी वाचकांना हाताशी धरून चळवळ केली, दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली तिथून आलं, हे मी विसरलेले नाही. पण ती वाचकांची चळवळ होती. लेखकांनी एकत्र येऊन एक पगारी संपादक, एक मुद्रितशोधक आणि एक गोदाम चालवावं, एवढं साधं काम आपल्याला का जमू नये? कारण त्यासाठी आधी कबूल करावं लागेल की आपण सगळेच पैसे देऊन छापतो.

सिस्टरनी करारावर सही केली नाही. माझ्या सांगण्यावरून, आणि याची जबाबदारी माझ्यावर आहे. त्या आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. इंग्रजी अनुवाद अजून कुणी घेतलेला नाही. त्या प्रकाशकाच्या नावानं पुस्तक आलं असतं तर कदाचित एव्हाना निघाला असता. मी तत्त्वाची बाजू घेतली आणि किंमत त्यांच्या पुस्तकानं मोजली, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

दुसरी आवृत्ती त्या स्वतःच काढत आहेत. संपादन मी करते आहे. गेल्या पावसाळ्यात आठ दिवस त्यांच्याकडे राहिले. बाहेर कोयनेकडचा पाऊस, आत आम्ही दोघी आणि २०१४ चं हस्तलिखित, रुंद रेघांच्या तीन वह्या. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की वह्यांत आहे ते सगळं पुस्तकात नाही. मी विचारलं. म्हणाल्या, प्रेसवाल्यानं सांगितलं होतं, आठ फॉर्ममध्ये बसवा, नववा घेतला तर खर्च वाढतो. भविष्यनिर्वाह निधीतून ४१,००० रुपये बाजूला काढले होते, त्यात तीनशे प्रती आणि आठ फॉर्म. म्हणून अकरा पानं काढली.

कोणती काढायची ते मात्र प्रेसवाल्यानं सांगितलेलं नव्हतं.

ती अकरा पानं एका पावसाळ्याची आहेत. ओढ्यापलीकडची एक वाडी, ओढ्याला पाणी, आणि गृहभेटीच्या रजिस्टरमध्ये केलेली भेटीची नोंद, जी भेट झालीच नव्हती. पावसात सगळेच तशा नोंदी करत. त्याच आठवड्यात तिथलं दीड वर्षाचं मूल जुलाबानं गेलं. छापलेल्या पुस्तकात या मुलाबद्दल एक वाक्य आहे, इतर मुलांच्या यादीत. वहीत ओढ्याच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या बाईची अकरा पानं आहेत, आणि रजिस्टरमधली शाई कोणत्या रंगाची होती तेसुद्धा आहे.

‘ही का काढलीत?’

‘फॉर्म वाढत होता ना.’

मी गप्प बसले. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, ‘आणि कोणी विचारलंही नाही, ताई. हे काढू नका म्हणून कोणी म्हटलं असतं तर ठेवलं असतं.’

तीन दिवस आम्ही त्या अकरा पानांवर बसलो. मी फार काही केलं नाही. दोन ठिकाणी त्यांनी स्वतःची बाजू मांडली होती, ती वाक्यं त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगितली. एक त्यांनी स्वतः खोडलं. दुसरं ठेवलं, आणि ते ठेवण्याबद्दल माझ्याशी भांडल्या. बरोबर भांडल्या. दोनदा छापलेला परिच्छेद काढला. ‘साहित्यिक’ वाटावं म्हणून प्रेसमधल्या टाइप करणाऱ्या मुलानं काही ठिकाणी ‘पाऊस’चं ‘पर्जन्य’ केलं होतं, ते परत ‘पाऊस’ केलं. कबुतर काढायला त्या तयार नाहीत. मुखपृष्ठ त्यांच्या धाकट्या जावेच्या मुलानं केलं आहे आणि त्यावर चर्चा नाही.

पहिल्या आवृत्तीच्या प्रती त्यांनी कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना पाठवल्या नव्हत्या. १९५४ च्या कायद्यानं त्या पाठवाव्या लागतात, आणि पाठवायची जबाबदारी प्रकाशकाची असते. मी सांगितल्यावर त्या हसल्या. ‘म्हणजे सरकारच्या लेखी मी प्रकाशक आहे म्हणा की.’ या वेळी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवणार आहेत आणि पावत्या जपून ठेवणार आहेत. आयएसबीएनचा अर्जही त्यांनीच भरला, पुतण्याला शेजारी बसवून.

दुसऱ्या आवृत्तीचे नऊ फॉर्म होतात, शेवटची पाच पानं कोरी राहतील असं दिसतं. चौथ्या पानावर ‘प्रकाशक : स्वतः’ तसंच राहील. त्याखाली ‘संपादन’ आणि ‘मुद्रितशोधन’ अशा दोन ओळी नव्या येतील, नावानिशी. मुद्रितशोधन साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी केलं, पैसे घेऊन, पावती देऊन. कागदाचा भाव मिळाला आहे. बाइंडर शिलाईला तयार आहे, प्रेसवाला अजून चिकटवायचंच म्हणतो आहे.